दोघींची पात

रुख्माच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की समोरच्याने खाली मान घालून तो संपायची वाट पाहावी, एवढंच त्याच्या हाती उरे. सौंदड स्टेशनपासून चार किलोमीटरवर असलेल्या तिच्या गावात ही गोष्ट पोराटोरांनाही ठाऊक होती. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूने आठ दिवस तिला गरीब गाय समजण्याची चूक केली होती. नवव्या दिवशी घरातलं मांजरसुद्धा तिच्यासमोरून जाताना दबकून जाऊ लागलं. नवरा टेकचंद मुळातच अबोल माणूस. लग्नानंतर त्याने उरलंसुरलं बोलणंही बायकोच्या नावे करून टाकलं.

अशा या बाईला सहा वर्षांपूर्वी टायफॉइड झाला आणि ती गोंदियाच्या एका दवाखान्यात बारा दिवस पडून राहिली. शेजारच्या खाटेवर एक ख्रिस्ती बाई होती. तिला भेटायला तिच्या प्रार्थनेतल्या बाया यायच्या, खाटेभोवती उभ्या राहून हलक्या आवाजात गाणी म्हणायच्या. जाताना त्या रुख्माचंही नाव विचारून घ्यायच्या आणि ते नाव घेऊन तिच्यासाठी देवाशी बोलायच्या. रुख्मा स्वतः गाणारी. धानरोवणीच्या टोळीत गाण्याची पहिली ओळ तिची असायची, बाकीच्यांनी ती मागून झेलायची. त्या बायांची एक चाल तिच्या डोक्यात अशी बसली की बरी झाल्यावर ती त्या चालीचा माग काढत सौंदडला, स्टेशनामागच्या प्रार्थनेच्या टिनाच्या खोलीत जाऊन पोचली. गाण्यासाठी गेलेली बाई मग बायबलातलं वचन ऐकायला थांबली आणि कायमचीच थांबली. आपण देवाला नावानिशी ठाऊक आहोत, ही गोष्ट तिला फार मोठी वाटली होती. आजवर तिचं नाव लोकांनी भांडणापुरतंच घेतलं होतं.

टेकचंद काही त्या खोलीत गेला नाही. पण दर रविवारी बायकोला सायकलवर बसवून सौंदडला सोडायला तो कधी चुकला नाही. परत येताना ती त्याच्याशी भांडत नसे, आणि एवढी सोय चार किलोमीटरच्या पायडलांच्या बदल्यात त्याला स्वस्तच वाटली.

जिभेचं मात्र अवघड होतं. बाकीची रुख्मा एका रविवारी देवाकडे गेली, जीभ मागून रखडत रखडत येत होती. खोलीत वचन सांगणारे पास्टर उमेंद्र हे एरवी पंक्चर काढायचे. हात काळे, बोलणं मऊ. दुखावणाऱ्यांवर प्रेम करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असं त्यांनी एकदा सांगितलं तेव्हा रुख्मा सगळे गेल्यावर त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पास्टरजी, थे प्रेम मनातून कराची गरज आहे, का नुसतं हातानं केलं तरी चालते?"

पास्टर हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "हातानं सुरू कर बाई. मन मागून येते."

"आनि नाही आलं त?"

"तवरी हात त चालू राहीन ना."

हा प्रश्न तिने हवेत विचारला नव्हता. त्याला नाव होतं, गाव होतं आणि घर तिच्या घरापासून पाचवं होतं. ते नाव म्हणजे कलाबाई.

कलाबाई आणि रुख्मा दोघी नवेगाव बांधच्या. लहानपणी तलावाच्या काठावर एकाच पदरात दोघींनी मिळून मासोळ्या धरलेल्या. एकाच साली दोघींची लग्नं झाली, ती नेमकी एकाच गावात. सासुरवासाची सगळी उणीदुणी विहिरीवर एकमेकींना सांगून त्या घरी जायच्या. दरसाल महाशिवरात्रीला दोघी सौंदडहून गाडीने गोंदियाला जायच्या आणि तिथून नागऱ्याच्या महादेवाला. पंचवीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता. रुख्मा प्रार्थनेला जाऊ लागली त्या साली तो चुकला. रुख्माने सरळ सांगून टाकलं, "कले, मी आता येत नाही."

त्यानंतर कलाबाईने तिच्याशी बोलणं टाकलं, टोळीतली गाण्याची पहिली ओळही तिच्याकडून काढून घेतली. तिच्याबद्दल बोलणं मात्र वाढवलं. कोणत्या तरी तांदळाच्या पोत्यासाठी रुख्माने देव बदलला, असं ती पाणवठ्यावर बोलली आणि गावाने तिला 'पोतेवाली' हे नाव ठेवलं. आता, जिथे उंदीरसुद्धा तांदूळ खाऊन कंटाळलेत त्या गोंदिया जिल्ह्यात कोणी तांदळासाठी देव कशाला बदलेल? पण टोमण्याला अक्कल लागत नाही, धार लागते. ती कलाबाईकडे भरपूर होती.

रुख्मा दात-ओठ खाऊन गप्प राहायला शिकली. रोज सकाळी चूल पेटवताना ती कलाबाईसाठी प्रार्थना करायची. सुरुवातीला ही प्रार्थना अशी होती: देवा, कलीचं भलं कर, पन जरा सावकाश कर. पुढे ती फक्त भलं कर म्हणू लागली. त्यालाच दोन वर्षं लागली.

कलाबाईच्या हाती खरी ताकद होती ती टोळीची. चौदा बायांची रोवणीची टोळी तिची. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी उतरायचं, कोण कुठे उभी राहणार, सगळं तीच ठरवायची. रोवणीत बाया एका ओळीत उभ्या राहतात, प्रत्येकीच्या वाट्याला चिखलाचा एक पट्टा येतो. ती तिची पात. वाकून परे, धानाची रोपं, रोवत, एकेक पाऊल मागे सरकत, सगळ्यांनी सोबत धुऱ्यापर्यंत, बांधीच्या कडेच्या बांधापर्यंत, जायचं. एखादी मागे पडली की आजूबाजूच्या बाया तिच्या मोकळ्या पातीत हात घालतात, आपापले परे वाढवत नेतात आणि तिच्या पाठीमागून पात मिटवून टाकतात. मग ती बिचारी चारी बाजूंनी हिरव्या पऱ्ह्यांच्या मधे, खाटेएवढ्या चिखलात उभी. बाहेर यावं तर रोवलेलं तुडवल्याशिवाय येता येत नाही. याला कोंडणं म्हणतात. एरवी ही थट्टाच. पण काम हुंड्यावर, ठोक मजुरीवर घेतलेलं, एक संथ हात सगळ्यांना मागे ओढतो, म्हणून कलाबाईने टोळीला नियम घालून दिला होता: एका हंगामाच्या रोवण्यात तीनदा कोंडली गेलेली बाई पुढच्या साली टोळीत नाही.

टायफॉइडनंतर रुख्माची कंबर दुपारी धरायची. कलाबाईला हे माहीत होतं. यंदा तिने रुख्माला दोन चपळ पोरींच्या मधे उभं केलं, आणि पहिल्या आठवड्यातच रुख्मा कोंडली गेली. दुसऱ्यांदा नागपंचमीच्या आदल्या दिवशी. सगळ्या हसल्या. रुख्माही हसली, पण घरी येऊन तिने भाकरीचं पीठ असं मळलं की टेकचंद अंगणात जाऊन बसला.

टोळी सुटली तर रुख्मा कुठे जाणार होती? दुसऱ्या गावची टोळी परक्या बाईला घेत नाही. आणि कामापेक्षाही मोठी गोष्ट होती. तीस पावसाळे ती त्या ओळीत वाकली होती. ओळीबाहेरची रुख्मा कशी असते हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

शेवटचा दिवस यादोरावांच्या मोठ्या बांधीत होता. यादोराव म्हणजे गावातला जाडजूड, हौशी शेतकरी. त्यांच्या बांधीत रोवणी संपवायची आणि तिथेच बोजारा, म्हणजे रोवणा संपल्याचं जेवण, असा टोळीचा रिवाज. त्या दिवशी बाया मालकाला चिखल माखतात, आणि यादोराव त्यासाठी मुद्दाम जुनं धोतर नेसून येत.

सकाळी कलाबाईने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आज रुख्मी मागं पडली का माह्या सांगन्याची वाट पाहू नका. मिटवून टाकाची." आणि रुख्माला तिने आपल्या बाजूलाच उभं केलं. रुख्माच्या पलीकडे चंदा, दोनच वर्षांपूर्वी गावात आलेली सून, कलाबाईला भ्यायची. कलाबाईच्या पलीकडे नंदाबाई. नंदाबाई एकदा वाकली की धुरा पाठीला लागेपर्यंत मान वर करत नसे.

रुख्माने वाकण्याआधी डोळे मिटले. देवा, हात तुझे, कंबर तुझी, टोळीबी तुझीच. जीभ तेवढी मी सांभाळतो. नाही, थेबी तूच सांभाळ.

दुपारपर्यंत सगळं नीट चाललं. मग रुख्माच्या लक्षात आलं की आपल्या बाजूला पाण्यात हात पडण्याचा आवाज मंदावलाय. तिने तिरप्या नजरेने पाहिलं. कलाबाईच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, चिखलाखालूनही तो सुजलेला दिसत होता. ती डाव्या हाताने रोवत होती. टोळीची पुढारीण, वीस वर्षांत एकदाही न कोंडली गेलेली, आणि तिची पात आता रुख्माच्या पातीपेक्षा दीड हात मागे पडली होती.

त्या क्षणी रुख्माच्या मनात काय आलं ते सांगून टाकलेलंच बरं. तिच्या मनात आलं, दोन हात पलीकडे टाकले की कली कोंडली. सगळी टोळी पाहील. सहा वर्षांचा हिशेब दहा पऱ्ह्यांत मिटेल. तिचे हात तसे हललेही. परे तिने कलाबाईच्याच पातीत टोचले. पण कलाबाईच्या पाठीमागे नव्हे, पुढ्यात. कलाबाईला जे रोवायचं होतं तेच. कलाबाईच्या पातीच्या कडेचे तीन परे तिने रोवले, एक पाऊल मागे आली, पुन्हा तीन रोवले. आपली पात आणि वर तिची अर्धी.

मन यात कितपत होतं कोण जाणे. पण हात चालू होते.

"माह्या पातीत कायले हात घालून राहिली?" कलाबाई खाली पाहतच खेकसली. सहा वर्षांत ती रुख्माशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"वाकल्यावर मले दिसत नाही," रुख्मा म्हणाली. "चष्मा लागला असंन."

कलाबाई डाव्या हाताने रोवत राहिली. अंगठा ठणकत होता, तिला ही मदत घेणं भाग होतं. पण दीड पात ओढायची म्हणजे रुख्माचाही वेग जाणारच. दोघी बरोबरीने मागे पडू लागल्या. आपण तिसऱ्यांदा कोंडल्या जाणार हे रुख्माला स्वच्छ दिसत होतं. कली सोडली तर अजूनही ती ओळ गाठू शकत होती. तिने एकदा चंदाकडे पाहिलं, एकदा त्या सुजलेल्या अंगठ्याकडे, आणि मनात म्हणाली, देवा, पुढच्या सालचं तू पाहा, मी हा अंगठा पाहतो. आणि खाली वाकली.

चंदाने बाजूची पात मोकळी पाहिली. सकाळचा हुकूम तिच्या कानात होता. ती खालमानेने परे वाढवत आली. पलीकडून नंदाबाई नेहमीप्रमाणे मान खाली घालून हात चालवत आली. दोघींचे हात मधे एकमेकींना लागले तेव्हा नंदाबाईने मान वर केली आणि तिच्या हातातली पऱ्ह्यांची पेंडी पाण्यात पडली.

हिरव्या बांधीच्या मधोमध, दोन खाटा मावतील एवढ्या चिखलात रुख्मा उभी होती आणि तिच्या बाजूला कलाबाई.

एकदोघी हसल्या. मग कोण कोंडलंय ते उमगलं तशी सगळी टोळी चूप झाली. चंदाचा चेहरा तर असा झाला, जणू तिला आत्ताच माहेरी पाठवणार आहेत. धुऱ्यावरून यादोराव ओरडले, "जागच्या हलू नका वो बायांनो! माहे परे तुडवान!" आणि बाया घाईघाईने पुढचं रोवू लागल्या, कारण काय करावं हे कोणालाच सुचेना.

आतल्या दोघी उभ्या. पळायला जागा नाही, तोंड फिरवावं तर सगळीकडे धानच.

"दाखव थो अंगठा," रुख्मा म्हणाली.

"कायी नाही त्याले."

"कले, दाखव."

कलाबाईने हात पुढे केला. रुख्माने चिंधी सोडली, बांधीतल्या वरच्या निवळ पाण्याने अंगठा धुतला. आत बाभळीचा काटा मोडून पिकला होता. रुख्माने बांगडीतली पिन काढली, पदराला पुसली आणि अगदी हळू, पोराचा काटा काढावा तसा तो काटा काढला. कलाबाईने दातांखाली पदर धरला, पण हात मागे घेतला नाही.

"तू मले कोंडू शकत होती," ती मग म्हणाली.

"होय."

"मंग काऊन नाही कोंडलं?"

"सहा साल रोज सकाळी तुह्यासाठी प्रार्थना करून राहिली मी. आता कोंडली असती त सगळी फुकट गेली असती."

"माह्यासाठी?" कलाबाईला हे खरं वाटेना. "मी तुले पोतेवाली म्हनली तरी?"

"तवा त जास्तीच करा लागे."

कलाबाईला हसू आलं असतं, पण आलं वेगळंच. ती अंगठ्याकडे पाहत म्हणाली, "सहा साल नागऱ्याले एकटीच गेली मी. सौंदडले गाडीत बसली का खिडकीजवळ पिशवी ठेवो, तुह्या जागेवर. लोकं इचारत, बाई, इथं कोन आहे? मी म्हनो, आहे, येऊन राहिली. गोंदिया येईपर्यंत थे पिशवी मी उचलत नव्हती."

सहा वर्षं रुख्माने स्वतःलाच जखमी धरलं होतं. टोमणे सोसणारी ती, माफ करणारी ती, प्रार्थना करणारीही तीच. आपल्या एका वाक्याने दुसरीचं काय झालं असेल हे तिने देवालाही विचारलं नव्हतं, कलीला तर नाहीच. तिला मनापासून लाज वाटली.

"तुह्याबद्दल मी देवाशी रोज बोलली," ती म्हणाली, "आनि तुह्याशी एक दिवस नाही बोलली. चुकली मी, कले."

"मीबी कायी कमी नाही केलं," कलाबाई म्हणाली आणि डाव्या हाताच्या मनगटाने डोळे पुसायला गेली, त्यामुळे कपाळभर चिखल लागला.

"देव माहा बदलला," रुख्मा म्हणाली. "त्याले मी सोडत नाही. पन गाडी त तेच आहे ना? मी येतो तुह्यासंग. तू आत जाजो, दर्शन घेजो. मी बाहेर बसून तुह्या चपला सांभाळतो. तिथं तसेबी चपला चोरी जातेत."

आता मात्र कलाबाई हसली. दोघी हसल्या, आणि मग दोघींनी उरलेला तो तुकडा आतून रोवत आणला. शेवटी पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा चंदाने बाहेरून एक ओळ उपटून वाट करून दिली, दोघी एकमेकींचा हात धरून निघाल्या, आणि चंदाने ती ओळ पुन्हा रोवली. यादोराव प्रत्येक पावलाला "हां, हळू, हळू" म्हणत होते.

धुऱ्यावर सगळी टोळी उभी होती. नंदाबाईने विचारायला नको ते विचारलंच, "कलाबाई, रुख्माचं हे तिसरं ना वो?"

रुख्माने मान खाली घातली. नियम सगळ्यांना पाठ होता.

कलाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग टोळीकडे. वीस वर्षं कोणी तिला मागे पडताना पाहिलं नव्हतं आणि ते तिने जपलं होतं. "नाही," ती म्हणाली. "रुख्मी माह्या पातीत होती. माहं काम करून राहिली होती. कोंडली थे मी. माह्या नावावर लिवा." मग ती पुढे म्हणाली, "आनि पुढच्या साली ही माह्या बाजूलेच राहीन. आज कोन गानार आहे का तसेच जेवता?"

रुख्मा गायली. सहा वर्षांनी तिने पहिली ओळ उचलली आणि तेरा बायांनी ती झेलली. यादोराव डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखले गेले, वर विचारत राहिले की डाव्या कानात कोणीच कसा नाही लावला. वडे झाले, वरणभात झाला. चंदाला कोणी माहेरी पाठवलं नाही. घरी गेल्यावर रुख्माने टेकचंदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं." त्याच्या हिशेबाने हे भाषण होतं.

रविवारी पास्टर उमेंद्र टायरची ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे शोधत होते. रुख्माने त्यांना गाठलं. "पास्टरजी, मन आलं."

"कवा?"

"थे अगोदरच येऊन उभं होतं वाटते. मीच पाहून नव्हती राहिली."

महाशिवरात्रीला सौंदडहून गाडीत दोघी समोरासमोर नाही, एकाच बाकावर बसल्या. खिडकीजवळ रुख्मा. पिशवी कलाबाईच्या मांडीवर. नागऱ्याला भारी गर्दी होती. कलाबाई रांगेत गेली आणि रुख्मा एका झाडाखाली तिच्या चपला पुढ्यात घेऊन बसली, स्वतःशी आपली ती दवाखान्यातली चाल गुणगुणत. दोन तास बसली. मधे एकाने विचारलं, बाई, चपला ठेवायच्या का तुमच्याकडे, तर तिने त्याच्याही ठेवून घेतल्या. कलाबाई परत आली तोवर रुख्माच्या भोवती अकरा जोड जमले होते.

कलाबाईच्या हातात दोन पुड्या होत्या. एक, प्रसादाची, तिने आपल्या पिशवीत जपून ठेवली. दुसरी रुख्मापुढे धरली.

"हे देवापुढचं नोहे," ती म्हणाली. "तुले चालत नसंन म्हनून दुकानातून येगळे फुटाने घेतले. गरम आहेत. खा."

रुख्माने पुडी उघडली, अर्धे फुटाणे कलाबाईच्या पदरात ओतले आणि दोघी चपलांच्या मधे बसून खाऊ लागल्या.